घोटा मोडल्यावर

इ.स. १७५६ च्या जानेवारी महिन्यात लंडनच्या दक्षिणेकडील ओल्ड केंट रोडवरून घोड्यावर बसून चाललेले पर्सिव्हल पॉट हे शल्यवैद्य घोड्यावरून फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात अशी असंख्य हाडे ज्यांच्या हाताखालून गेली होती त्या पॉट यांना, मोडलेला पाय कसाबसा उचलून गाडीत घातला असता हाडाची टोके आतील मांस व रक्तवाहिन्या फाडतात, हे पुरते ठाऊक असल्यामुळे जमलेल्या लोकांना त्यांनी आपल्या अंगाला हात लावू दिला नाही. कडाक्याच्या थंडीत ते जमिनीवर तसेच पडून राहिले. मेणा वाहणारे दोन भोई आणण्यास त्यांनी माणूस धाडला, तोवर एक दार विकत घेतले, आणि भोई येताच त्यांच्या मेण्याचे दांडे त्या दाराला ठोकून घेऊन, त्याच्यावर आडवे होऊन लंडनचा पूल ओलांडून ते घरी पोचले. घरी जमलेल्या सहव्यवसायींनी पाय कापण्याचे ठरवून हत्यारेही सिद्ध केली होती. परंतु ऐन वेळी त्यांचे जुने गुरू एडवर्ड नॉर्स आले, त्यांनी पाय तपासून तो वाचविण्याजोगा असल्याचा निर्वाळा दिला, आणि पाय खरोखरच वाचला. अंथरुणावरील त्या सक्तीच्या मुक्कामात पॉट यांनी अंतर्गळावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे अस्थिभंगांवर जे पुस्तक लिहिले त्यात घोट्याजवळच्या एका भंगाचे वर्णन इतक्या बारकाईने केले की तो भंग आजतागायत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचा स्वतःचा घोटा मोडला होता अशी अनेकांची समजूत आहे, ती बरोबर नाही.

ही हकिकत मी प्रकरणाच्या आरंभी देतो ती पॉट यांच्या धैर्यासाठी नव्हे, तर त्यांना उचलून घरी नेणाऱ्या माणसांसाठी. मोडलेले हाड जोडण्याचे काम देह स्वतःच करतो, आणि ते तो वैद्याच्या अनुपस्थितीतही करतो. रानात झाडावरून पडणाऱ्या गिबन वानरांच्या सांगाड्यांत जुळून आलेले अस्थिभंग शास्त्रज्ञांना मोठ्या संख्येने आढळले आहेत, आणि त्या वानरांना कोणी फळ्या बांधल्या नव्हत्या. पण हाड जुळेपर्यंतच्या मुदतीत त्या माणसाचे पाणी कोणी भरावयाचे, त्याला न्हाणीघरापर्यंत कोणी न्यावयाचे, त्याची रजा, त्याचा पगार, त्याची मुले, त्याचे एकाकीपण यांचा बंदोबस्त कोणी करावयाचा, हा सारा भाग देहाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि तो भोवतालच्या माणसांवर पडतो. इराकमधील शानिदार गुहेत १९५७ साली सापडलेल्या एका निअँडरथल पुरुषाचा उजवा हात निकामी झालेला होता, डोळ्याजवळ जबर मार बसलेला होता, पावलाचे एक हाड मोडून जुळलेले होते, आणि तरी या दुखापतींनंतर तो अनेक वर्षे जगला होता. शिकारीवर जगणाऱ्या त्या टोळीत कोणीतरी त्याला आपल्या वाट्यातले देत असले पाहिजे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला तो मला पटतो. अस्थिरोगांवरील पुस्तकांत पट्ट्या व स्क्रू यांना शेकडो पाने मिळतात आणि या मदतीला एखादा परिच्छेद, म्हणून या प्रकरणात ते प्रमाण मी हेतुपुरस्सर उलटे ठेवले आहे.

तथापि मदत करणाऱ्याला काय मोडले आहे हे ठाऊक असावे. नडगीचे जाड हाड, म्हणजे अंतर्जंघास्थी, आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड, म्हणजे बहिर्जंघास्थी, यांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते, आणि सुतार चौकटीच्या खोबणीत लाकडाचे टोक बसवितो त्याप्रमाणे टेलस नावाचे हाड त्या खोबणीत बसते. आपण ज्याला आतला व बाहेरचा घोटा म्हणतो ते वस्तुतः या दोन हाडांचे उंचवटे होत. चालताना शरीराचा सगळा भार या एवढ्याशा खोबणीतून जातो, आणि म्हणूनच तिच्यात थोडाही फरक खपत नाही: टेलस बाहेरच्या बाजूस केवळ १ मिलिमीटर सरकला तरी हाडांचे परस्परांना टेकणारे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅमसे व हॅमिल्टन यांनी १९७६ साली दाखवून दिले. क्षेत्र घटले की उरलेल्या भागावरील दाब वाढतो, कूर्चा झिजते, आणि काही वर्षांनी सांधा कायमचा दुखू लागतो. ‘एवढेसे तर सरकले आहे, शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी मोठ्या कळकळीने विचारतात, त्याचे उत्तर या एका मिलिमीटरात आहे. भंग स्थिर असेल आणि हाडे जागेवर असतील तर प्लास्टर पुरते. खोबण उघडी पडली असेल तर पट्टी व स्क्रू लावून ती पूर्ववत करावी लागते. हे तंत्र व्यवस्थित रूपात आणण्याचे श्रेय मुख्यतः १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या शल्यवैद्यांच्या गटाकडे जाते.

घोटा मुरगळला की मोडला, हा पहिल्या तासातला प्रश्न. कॅनडातील ओटावा येथील वैद्यांनी १९९२ साली त्यासाठी काही साधे नियम प्रसिद्ध केले, ते आज जगभर वापरले जातात: दोन्हींपैकी कोणत्याही घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोट दाबले असता दुखत असेल, किंवा पडल्या जागी आणि नंतर दवाखान्यातही त्या माणसाला चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. पाऊल वाकडे दिसत असेल, कातडी फाटली असेल किंवा बोटे थंड व बधिर पडली असतील, तर या परीक्षेसाठीही थांबू नये. आणि चोळू तर मुळीच नये. आपल्याकडे पाय दुखावल्याबरोबर तेल, आंबेहळद, मालीश यांचा जो उत्साह उसळतो, त्यामागचा जिव्हाळा मी ओळखतो; पण मोडलेल्या हाडावर चोळण्याने सूज वाढते आणि स्थिर असलेला भंग सरकू शकतो.

मोडलेले हाड स्थिर ठेवण्याच्या बाबतीत सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेचा अध्याय आजही वाचण्याजोगा आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा वृक्षांच्या साली व बांबूच्या कामट्या यांची आधारासाठी योजना करावी. बंध सैल पडला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पाक होतो. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा. असे बारीक तपशील त्यात आहेत. पायाच्या भंगासाठी रोग्याला फळीवर निजवून पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकण्याची तजवीजही त्यात सांगितली आहे. अतिगाढ बंधाविषयीचा तो इशारा आधुनिक प्लास्टरलाही जसाच्या तसा लागू पडतो. डच सैन्यातील शल्यवैद्य मथायसेन यांनी १८५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत प्लास्टरची पट्टी प्रचारात आणली. भाजलेल्या जिप्समच्या चुऱ्यात पाणी मिसळताच तो पुन्हा स्फटिकरूप होऊन काही मिनिटांत घट्ट होतो, त्या वेळी उष्णता सुटते, आणि पायाला जाणवणारी ती ऊब स्वाभाविक आहे. मात्र दोन दिवसांपर्यंत प्लास्टर आतून ओलसर असते, म्हणून ते बोटांनी न उचलता तळव्यांवर तोलून उचलावे आणि उशीवर ठेवावे.

माझी आत्या गिरगावातील एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. आषाढातल्या एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन येताना जिन्याच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. सगळी चाळ धावली. कोणी पाणी आणले, कोणी तेलाची वाटी, आणि एका गृहस्थांनी पाय ‘बसवून’ देण्यासाठी बाह्या सरसावल्या. तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त कंपाउंडर गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले, “पायाला कोणी हात लावू नका. ताई, तुम्ही बोटं हलवून दाखवा बघू.” आत्याने बोटे हलविली. मग त्यांनी एक मऊ उशी मागविली, ती पोटरीपासून तळव्यापर्यंत पायाभोवती गुंडाळली आणि दोन पंचांनी बांधली, गाठी घोट्यावर येणार नाहीत अशा बेताने. लाकडी हातांची एक भक्कम खुर्ची आणली गेली. तिच्यात आत्याला बसविल्यावर, वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याने खुर्चीची पाठ धरून ती किंचित मागे कलवली, खालच्या पायरीवरील दणकट तरुणाने पुढचे पाय धरले, आणि त्याच्याही खाली एक तिसरा माणूस त्याच्या पाठीला हात लावून ‘आता एक पायरी, आता वळण’ असे सांगत उलटा उतरू लागला. खुर्चीचा जास्त भार खालच्यावर येतो, त्याला मागचे दिसत नाही, आणि म्हणून तो तिसरा माणूस अत्यावश्यक असतो. ही गोष्ट मी त्या दिवशी पाहिली आणि पुढे अनेकांना सांगितली. खुर्ची टॅक्सीपर्यंत पोचेतो आत्या ओरडली नाही, पण तिने कठड्याऐवजी खुर्चीचे हात घट्ट धरावेत म्हणून तिला दर वळणावर ताकीद द्यावी लागली, कारण उतरताना कठडा पकडण्याची इच्छा अनावर होते आणि तेवढ्याने सगळ्यांचा तोल जातो.

शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली तेव्हा खरे काम सुरू झाले. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक आणि उकिडवे बसण्याचा. नळाला पाणी पहाटे. आणि जिना तीन मजल्यांचा. माझ्या आईने पहिल्याच रात्री वहीत आठवड्याचा तक्ता आखला: पाणी कोणी भरावे, दुपारच्या गोळ्या कोणी द्याव्यात, तपासणीच्या दिवशी कोणी रजा घ्यावी, रात्री तिच्या खोलीत कोणी निजावे. नावासमोर काम आणि कामासमोर वेळ, असा तो कारभार होता. मला तो त्या वेळी कोरडा वाटला होता. आज वाटते की त्याच्याइतकी मायेची गोष्ट दुसरी नव्हती. ‘काही लागलं तर सांगा’ असे प्रत्येक पाहुणा मनापासून म्हणतो, पण त्या वाक्याने मागण्याचे ओझे रोग्यावरच राहते, आणि आजारी माणूस, विशेषतः आयुष्यभर इतरांचे करीत आलेली स्त्री, मागत नाही. ‘गुरुवारी दळण मी आणीन’ असे म्हणणारा तिला एका विनंतीतून सोडवितो.

मदतीचा सर्वांत अवघड भाग न्हाणीघरात असतो. चारपायी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणली गेली. स्नानासाठी रुंद पायांचे स्टूल, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या तोंडाशी चिकटपट्टी, तो पाय दुसऱ्या स्टुलावर, पाण्याच्या बादलीला हात पुरेल अशी जागा, आणि फरशीवर पाण्याचा थेंब नाही, ही व्यवस्था आईने एकदा लावून दिली. त्यानंतर आत्या तिला म्हणाली, “वहिनी, आता तुम्ही बाहेर थांबा. दार लोटून घ्या, कडी नको.” आई दाराबाहेर पाट टाकून बसे आणि तांदूळ निवडी. हाक आल्यावाचून ती आत गेली नाही. परस्वाधीन अवस्थेत माणसाला जे करता येते ते त्याचे त्याला करू द्यावे आणि जे करता येत नाही तेवढेच आपण करावे, एवढा विवेक मदत करणाऱ्याने राखला तर रोग्याच्या मनाची निम्मी यातना टळते.

कुबड्यांचेही शास्त्र आहे, आणि ते रुग्णालयातून निघण्यापूर्वीच घरातल्या एका माणसाने रोग्याबरोबर शिकून घ्यावे. कुबडीचे वरचे टोक आणि काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. भार काखेवर पडला तर तिथल्या नसा दबून हात बधिर होतो, म्हणून तो तळहातावर घ्यावयाचा. हात सरळ सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेत यावी, म्हणजे धरताना कोपर थोडे वाकते. जिना चढताना चांगला पाय आधी वर, आणि उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी खाली. सोबत्याने चढताना मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली राहावे. हा क्रम घाईत उलटतो आणि दुसरा अपघात होतो. भीती वाटत असेल तर जिन्यावर बसून, पायरीपायरीने सरकत उतरण्यात काहीही कमीपणा नाही. घरातील सतरंज्या, पायपुसणी आणि विजेच्या तारा यांची आवराआवर पहिल्याच दिवशी व्हावी.

पहिल्या काही आठवड्यांत रात्री सोबत निजणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी असते. पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवला आहे ना, बोटे गुलाबी व उबदार आहेत ना, हे त्याने पाहावे. बोटे निळी किंवा पांढरी पडू लागली, गोळीनेही न शमणारी वेदना वाढत चालली, प्लास्टरखालून दुर्गंधी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटरी सुजून दुखू लागली तर रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा संशय धरावा; आणि एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर ती गुठळी फुप्फुसात पोचलेली असू शकते, तेथे क्षणाचीही दिरंगाई चालत नाही. मधुमेही रोग्याच्या पायाची जाणीवच मंद असू शकते, म्हणून त्याच्या तक्रारीवर विसंबून न राहता त्याच्या बोटांकडे डोळ्यांनी पाहावे लागते.

आहाराविषयी जितके सल्ले येतात तितके कशाहीविषयी येत नाहीत. हाड जुळण्यास प्रथिने, चुना आणि ड जीवनसत्त्व लागते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा नाचणीची भाकरी, दूध, डाळी, अंडी एवढ्याने बरेच काम भागते. तंबाखू मात्र त्या घरातून हद्दपार व्हावी. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात आणि जखमाही चिघळतात, याविषयी शल्यवैद्यांत मतभेद नाही. समाचारास येऊन रोग्यापुढे विडी धरणारा मित्र त्याची मुदत वाढवीत असतो.

कचेरीतील कामेही कोणीतरी अंगावर घेतली पाहिजेत. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. दुखापत कामावर झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ याहून जास्त दराने आणि अपंगत्व टिकेपर्यंत मिळतो. परंतु त्यासाठी वैद्यकीय दाखले वेळेवर सादर व्हावे लागतात, आणि एका पायावर असलेल्या माणसाला खिडकीसमोर रांगेत उभे राहता येत नाही. कागद जपणारा, तारखा लक्षात ठेवणारा एक पुतण्या किंवा सहकारी अशा वेळी औषधाइतकाच उपयोगी पडतो.

साधारणतः सहा आठवड्यांच्या सुमारास भार टाकण्याची परवानगी मिळते. काही भंगांत ती आधी मिळते, काहींत बरीच नंतर. याच वेळी सगळे पांगतात. प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला, अशी सर्वांची समजूत असते, आणि रोग्याची स्वतःचीही. प्रत्यक्षात प्लास्टरखालून निघालेला पाय कृश, खरखरीत कातडीचा आणि लाकडासारखा ताठ असतो. पोटरी दुसऱ्या पायाच्या मानाने स्पष्ट बारीक दिसते. आणि संध्याकाळी येणारी सूज महिनोन् महिने टिकते. आत्या एवढे दिवस धीराने वागली होती, पण या टप्प्यावर ती प्रथम रडली. तिच्या शाळेपासूनच्या एका मैत्रिणीने, जी दादरला राहत असे, हे ओळखले. ती रोज संध्याकाळी येई, चहा न घेता प्रथम आत्याला गॅलरीत चालवी, टाच आधी टेकव आणि मग चवडा, असे सांगत, आणि लंगडण्याची सवय जडू नये म्हणून मुद्दाम सावकाश चाले. सहानुभूतीचा एक शब्दही तिने कधी काढल्याचे मला आठवत नाही. मात्र फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम तिला आत्यापेक्षा चांगले पाठ होते.

मांडी घालणे आणि उकिडवे बसणे या दोन हालचाली आपल्या घरांत सर्वांत शेवटी परत येतात, कारण उकिडवे बसताना घोट्याला जितके वाकावे लागते तितके सपाट रस्त्यावर चालताना कधीच लागत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतील ‘पूर्ण बरा’ हा शेरा खुर्ची-टेबलावर जगणाऱ्या माणसाला धरून दिलेला असतो. देवघरापुढे पाटावर बसणारी, ओट्याखालचे डबे काढणारी, शेतात खुरपणारी बाई त्या हिशेबात नसते. म्हणून आपल्याला नेमके काय करावयाचे आहे ते तिने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि ती संकोचत असेल तर सोबत गेलेल्याने सांगावे. पट्टी व स्क्रू त्रास देत नसतील तर बहुधा आतच राहू देतात. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीचे हाड उभ्या उंचीवरून पडून मोडले असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घेण्याचा आग्रह घरच्यांनी धरावा, कारण पुढचा भंग खुब्याचा होण्याचा धोका असतो आणि तो घोट्याहून फार गंभीर असतो.

आत्याच्या चाळीतल्या रहिवाशांनी त्या दिवाळीपूर्वी वर्गणी काढली, जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्यांच्या कडांना पत्र्याच्या खाचदार पट्ट्या ठोकून घेतल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा लावला. त्या दिव्याचे बिल कोणी भरावयाचे यावरून पुढे बरेच दिवस वाद चालला, आणि अखेर ते तळमजल्यावरच्या कंपाउंडरांनी आपल्या मीटरवर घेतले.